पहिलीच मोटारसायकल थेट ३९० घेऊ का?

वाचकाचं पत्र:

"माझं वय २३. गाव गडहिंग्लज, नोकरी चाकणला, राहतो पिंपरीत. कॉलेजपासून चार वर्षं ॲक्टिव्हा चालवतोय, गावी गेलो की बाबांची स्प्लेंडर अधूनमधून. आता स्वतःच्या पगारावर पहिली मोटारसायकल घ्यायची आहे आणि केटीएमची ३९० ड्यूक मनात भरली आहे. बजेट ऑन-रोड चार लाख, त्यातले दीड लाख हातात, बाकी कर्ज. एक मित्र म्हणतो, ओळखीत जुनी कावासाकी झेड ९०० आहे, थोडी ओढाताण करून तीच घे, म्हणजे पुन्हा गाडी बदलायला नको. दुसरा म्हणतो, १६० घेतलीस तर सहा महिन्यांत कंटाळशील. बाबांचं म्हणणं, यातलं काहीच नको. उंची ५ फूट ५ इंच, वजन ६० किलो. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, महिन्यातून एकदा गाव. डिसेंबरात आंबोलीमार्गे गोव्याला जायचं ठरतंय. काय घेऊ?"
— एक वाचक, पिंपरी

आधी उत्तर देतो, मग कारणं. झेड ९०० अजिबात नको. ३९० ड्यूक आत्ता नको, वर्षभराने खुशाल घ्या. आत्ता १६० सीसीच्या आसपासची, ड्युअल चॅनेल एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी दोन्हीपैकी कोणतंही चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेली, शक्यतो दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी घ्या आणि उरलेल्या पैशातून चांगलं हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि बूट घ्या.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चार वर्षांची ॲक्टिव्हा. ॲक्टिव्हावर डाव्या हाताचा लिव्हर म्हणजे ब्रेक. त्यातही कॉम्बी ब्रेक असल्याने तो एकच लिव्हर दाबला की मागचा आणि पुढचा दोन्ही ब्रेक लागतात. समोर कुत्रं आडवं आलं, रिक्षा अचानक थांबली, की तुमचा डावा हात विचार न करता आवळला जातो आणि गाडी थांबते. मोटारसायकलवर त्याच जागी क्लच आहे. घाबरून डावा हात आवळलात तर इंजिन चाकापासून सुटतं, इंजिनाचा जो थोडाफार अडसर वेगाला होता तोही जातो आणि गाडी मोकळी पळत राहते. गाडी का थांबत नाही हे लक्षात येऊन उजवा हात आणि उजवा पाय कामाला लागेपर्यंत एक सेकंद सहज जातो. ताशी ४० च्या वेगात एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते, ८० ला २२ मीटर. गावी अधूनमधून चालवलेल्या स्प्लेंडरने ही सवय मोडलेली नसते, कारण सवय रोजच्या गाडीची लागते. ती मोडायला काही महिने रोज मोटारसायकल चालवावी लागते. त्या काळात हाताखालची गाडी चूक पोटात घालणारी असावी, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आता ताकदीचं बघू. आपल्याकडे ताकद सीसीवर मोजायची पद्धत आहे आणि तिनेच अनेकांची फसगत होते. रॉयल एनफिल्डची हंटर ३५० घ्या. इंजिन ३४९ सीसीचं, ताकद साधारण २० पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर). यामाहाची आर१५ फक्त १५५ सीसीची, तरी १८ पीएसच्या पुढे. ड्यूकचं २०२३ पासूनचं इंजिन ३९९ सीसीचं, म्हणजे हंटरपेक्षा जेमतेम ५० सीसी मोठं, पण ताकद ४६ पीएस. वर गाडीचं वजन हंटरपेक्षा कमी, १६८ किलो. चालकासकट एका टन वजनामागे किती पीएस मिळतात हे बघितलं की चित्र स्पष्ट होतं. तुमचं ६० किलो धरून ॲक्टिव्हाला साधारण ४७ येतात, १६० सीसीच्या पल्सर एन१६० ला ७५, हंटरला ८४, मारुती स्विफ्टलाही तेवढेच. ड्यूकला येतात २००. झेड ९०० ला ४६०. म्हणजे तुम्ही चार वर्षं जे हातात धरलंत त्याच्या चौपट ड्यूक आणि जवळजवळ दहापट झेड ९००.

"ताकद असली म्हणून काय झालं, हात आवरून चालवीन" असं सगळेच म्हणतात आणि मनापासून म्हणतात. हात आवरणं हे इच्छेचं काम असतं तर प्रश्नच नव्हता. बघा, प्रत्यक्षात काय होतं. चाकणच्या रस्त्यावर न रंगवलेला गतिरोधक ऐन वेळी दिसतो. ब्रेक लागतो तोवर पुढचं चाक वर चढलेलं असतं. नवीन चालक हात ताठ ठेवून, मनगट खाली झुकवून बसलेला असतो. चाक आदळलं की अंग मागे फेकलं जातं, हात ओढले जातात आणि मूठ घट्ट धरलेली असल्याने रेस आपोआप पिळली जाते. ॲक्टिव्हावर एवढ्याने बेल्ट थोडा ताणला जातो, गाडी जराशी पुढे सरकते, बाकी काही नाही. ३९० वर दुसऱ्या गिअरमध्ये हेच झालं तर गाडी झेप घेते, अंग आणखी मागे जातं, मूठ आणखी पिळली जाते. समोर उसाची ट्रॉली असो की कंपनीची बस, हे सगळं एका सेकंदाच्या आत घडून गेलेलं असतं.

याला उपाय आहे आणि तो पहिल्या दिवसापासून करा. रेस पूर्ण बंद असताना मनगट सपाट किंवा किंचित वर राहील अशी मूठ धरा. कोपर सैल आणि वाकलेले. गुडघ्यांनी टाकी दोन्ही बाजूंनी धरून ठेवा, म्हणजे अंगाचा भार हातावर येत नाही. गर्दीत उजव्या हाताची दोन बोटं कायम ब्रेकच्या लिव्हरवर. शोरूममधून गाडी घेताना लिव्हरचा कोन बसवून घ्या: सीटवर बसून हात सहज पुढे केला की मनगट न मोडता बोटं लिव्हरवर पडली पाहिजेत. दोन बोल्ट सैल करायचं काम आहे, पाच मिनिटांत होतं आणि कोणी आपणहून करून देत नाही.

३९० च्या बाजूने जे खरं आहे तेही सांगायला हवं. युरोपात १८ वर्षांच्या मुलाला जो ए२ परवाना मिळतो, त्यात ३५ किलोवॅटपर्यंतची, म्हणजे साधारण ४७ पीएसची गाडी चालवता येते. ३९० ड्यूक त्या हद्दीत बसते. दोन वर्षांनी पुढची परीक्षा दिली की मोठी गाडी. तेव्हा जगात ही गाडी शिकाऊंच्या गटात मोडते हे मान्य. पण तिकडच्या परीक्षेत काय करून दाखवावं लागतं तेही बघा: ताशी ५० किलोमीटर वेगात येऊन तातडीचा ब्रेक लावायचा, तेवढ्याच वेगात अडथळा चुकवून गाडी पुन्हा सरळ करायची, शिवाय रहदारीत परीक्षकासमोर चालवायची. आपल्याकडे आरटीओच्या ट्रॅकवर पाय न टेकता आठ काढला की परवाना हातात आणि त्याच परवान्यावर ८ पीएसची स्प्लेंडरही चालते अन् २०० पीएसची सुपरबाईकही. कायद्याने पायऱ्या ठेवलेल्या नाहीत, म्हणून त्या आपण आपल्या ठेवायच्या.

परवान्यावरून आठवलं. तुमचं कार्ड काढून बघा. परीक्षा ॲक्टिव्हावर दिली असेल तर त्यावर एमसीडब्ल्यूओजी, म्हणजे विना गिअरची दुचाकी, असं असण्याची दाट शक्यता आहे. मोटारसायकलला एमसीडब्ल्यूजी लागतं. नसेल तर आधी शिकाऊ परवाना, मग तीस दिवसांनंतर परीक्षा, असं करून तो वर्ग जोडून घ्या. अपघात झाला आणि परवाना त्या वर्गाचा नसेल तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळू शकते. गाडी बुक करण्याआधी करायचं पहिलं काम हेच.

झेड ९०० बद्दल थोडक्यात. ९४८ सीसी, चार सिलिंडर, १२५ पीएस, वजन २१२ किलो. पहिल्या गिअरमध्येच ती शंभरीच्या घरात जाते, म्हणजे चाकण ते पिंपरी तुम्हाला दुसऱ्या गिअरच्या पलीकडे जायचं कारण पडणार नाही. २०२० पासूनच्या गाड्यांना लो पॉवर मोड आहे, त्यात ताकद जवळजवळ निम्म्यावर येते हे खरं. पण वजन २१२ किलोच राहतं. पेट्रोल पंपावरच्या उतारावर, पाय टेकताना खडी आली आणि गाडी पंधरा अंश कलली, की ६० किलोच्या माणसाला ती सावरता येत नाही. मागचा टायर १८० मिलिमीटर रुंदीचा, टायरची जोडी बदलायची म्हणजे तीस हजारांच्या पुढे. जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे, कारण पहिल्या मालकाने तो खर्च करून झालेला असतो आणि पुढचा तुमच्यासाठी ठेवलेला असतो.

दुसरा मित्र म्हणतो, कंटाळशील. हे खरंही होईल कदाचित, पण कधी आणि कशाने ते बघा. चार पदरी दुभाजक असलेल्या महामार्गावर मोटारसायकलला आपल्याकडे कमाल वेगमर्यादा ताशी ८० आहे, द्रुतगती मार्गावरही तेवढीच, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला बंदीच. ८० च्या वेगात १६० सीसीचं इंजिन निवांत चालतं. ओव्हरटेकला दोन सेकंद जास्त लागतात, खंबाटकीच्या चढाला एक गिअर खाली टाकावा लागतो. त्यामुळे तुम्ही गिअर, वेग आणि अंतर यांचा हिशेब आधी करायला शिकता. ३९० वर हा हिशेब चुकला तर रेस पिळून निभावून जातं आणि चालक वर्षभरानंतरही कच्चाच राहतो. थांबण्याच्या अंतराचा हिशेब मात्र कोणतीही गाडी माफ करत नाही. कोरड्या चांगल्या रस्त्यावर, एका सेकंदात ब्रेककडे हात गेला आणि ब्रेक उत्तम लावला असं धरलं, तरी ६० च्या वेगातून थांबायला साधारण ३७ मीटर लागतात आणि १०० वरून ८३ मीटर. नवीन चालक ब्रेक भीतभीत लावतो, तेव्हा त्या ८३ चे शंभराच्या वर होतात. ३९० शून्यापासून शंभर गाठते साधारण सहा सेकंदांत. तेवढ्या वेळात ॲक्टिव्हा साठलाही पोचत नाही. म्हणजे थांबायला शंभर मीटर लागतील असा वेग ती तुम्हाला सिग्नलपासून पुढच्या चौकाच्या आत देते.

पैशांकडे वळू. चार लाखांचं बजेट ३९० ऑन-रोड घेण्यातच जवळपास संपतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के आहे, तेव्हा ही ३५० ची रेघ आता खिशालाही जाणवते. थर्ड पार्टी विम्याचे २०२२ साली ठरलेले वार्षिक दर बघा: १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये, ३५० च्या वर २,८०४. याउपर पहिल्या वर्षात गाडी एकदा तरी आडवी होते असं धरूनच चालायचं. जागेवर उभी असताना पडली तरी लिव्हर, हँडल, इंडिकेटर, फूटपेग, टाकीवरचं प्लास्टिक यांतलं दोन-तीन गोष्टींचं काम निघतं. कर्जाचा हप्ता चालू असताना हा खर्च अंगावर आला की माणूस वाकडं हँडल तसंच ठेवून चालवतो आणि दुसरा अपघात त्यातून होतो.

म्हणून हिशेब असा करा. हातातल्या दीड लाखातून साधारण पंचवीस-तीस हजार बाजूला काढा अंगावरच्या सामानासाठी. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं आणि आयएसआय शिक्क्याचं, आयएस ४१५१. जमलं तर शिवाय ईसीई २२.०६ या युरोपीय मानकाचं. ते घालून बघताना पट्टा बांधा, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा: गालाची कातडी त्याबरोबर फिरली पाहिजे, आत डोकं नुसतं घरंगळायला नको. मग मागची कड धरून पुढे ओढा. डोक्यावरून निघून आलं तर माप मोठं आहे. दहा मिनिटं तसंच घालून दुकानात बसा, कपाळावर एकाच जागी दुखलं तर आकार तुमच्या डोक्याचा नाही, दुसरी कंपनी बघा. जॅकेटला खांदा, कोपर आणि पाठीला संरक्षक पॅड हवेत. चाकणच्या उन्हात जाळीचं जॅकेट घ्या, जाड घेतलंत तर मार्चनंतर खुंटीला लागेल. हातमोज्यांच्या तळव्याला पॅड असावा, कारण पडताना माणूस आधी तळवे टेकतो. बूट घोट्याच्या वर जाणारे.

उरलेल्या सव्वा लाखात वापरलेली एन१६० किंवा अपाचे आरटीआर १६० ४व्ही बघा. आमची पसंती एन१६० च्या ड्युअल चॅनेल एबीएसच्या मॉडेलला. वजन १५२ किलो, रेस मऊ, आणि घाबरून दोन्ही ब्रेक एकदम आवळलेत तरी कोणतंच चाक लॉक होत नाही. सिंगल चॅनेलमध्ये फक्त पुढच्या चाकाला एबीएस असतं. ॲक्टिव्हावरून येणारा माणूस उजवा पाय एकदम दाबतो, तेव्हा मागचं चाक लॉक होऊन गाडीची शेपूट बाजूला जाते. वेगापेक्षा आरामात बसणं जास्त आवडत असेल तर हंटर ३५० चालेल. १८१ किलो वजन तुम्हाला सुरुवातीला जाणवेल, पण सीट खाली आहे आणि इंजिन शांत आहे.

वापरलेली गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की इंजिन चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम असेल तर ती थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असावी, म्हणून आधीच चालू करून ठेवली आहे असा संशय घ्या. मग खाली बसा. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवलं की फ्रेमवरच्या ज्या दोन टोकांना ते टेकतं, त्यांचा रंग उडालाय का, टोक चेपलंय का ते बघा. रोजच्या वापराने तिथे हलकी खूण पडते. चेपलेलं किंवा वेल्डिंग केलेलं टोक म्हणजे गाडी समोरून जोरात आदळलेली आहे. अशी गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. पुढचं चाक उचलून हँडल मधून हळू फिरवा. मध्यावर किंचित अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय, हा खर्च किरकोळ आहे पण भावात धरा. पुढच्या फोर्कवर, म्हणजे चाक धरणाऱ्या शॉकअपच्या नळ्यांवर, बोट फिरवा, तेल लागलं तर ऑइल सील गेलं. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाच्या, अगदी मागच्या बाजूला चेन बोटाने ओढा. दाताचा निम्मा भाग उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा संच बदलावा लागणार. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुना टायर, नक्षी कितीही दिसत असली तरी, पावसाआधी बदला.

कागदांमध्ये आरसीवरचा इंजिन आणि चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. आरसीवर बँकेचं नाव असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या तुमच्यासमोर घ्या, थकलेली ई-चलानं गाडीच्या नंबरावर तपासा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. नुसती आरसी बदलली म्हणजे विमा बदलला असं नाही.

गाडी घरी आली की पहिला महिना रोजच्या जाण्या-येण्याशिवाय आठवड्यातून एकदा मोकळ्या मैदानात तासभर द्या. सुरुवात डाव्या हातापासून. पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता, फक्त क्लच सोडत गाडी दोन-तीन मीटर सरकवायची आणि थांबवायची. पन्नास वेळा. क्लच नेमका कुठे पकडतो हे हाताला कळलं की निम्मी धडपड संपते. मग पंधरा मीटरचं अंतर आखून ते जितक्या सावकाश जमेल तितक्या सावकाश पार करायचं, पाय न टेकता: थोडी स्थिर रेस, अर्धा क्लच आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक हलका दाबलेला. पंधरा सेकंद लागले तर उत्तम. चाकणच्या गर्दीत तुम्हाला हेच लागणार आहे.

ब्रेकसाठी पाण्याची एक बाटली ठेवा खूण म्हणून. तिच्यापाशी पोचल्यावरच ब्रेक, आधी नाही. ३० ला दहा वेळा, मग ४० ला, मग ५० ला. पुढचा ब्रेक एका झटक्यात आवळायचा नाही. आधी हलका दाब देऊन फोर्क खाली बसू द्यायचा, वजन पुढच्या चाकावर आलं की मग जोर वाढवायचा. हे दोन टप्पे मिळून अर्ध्या सेकंदाचं काम आहे. टायरला पकड मिळते ती त्यावरच्या वजनाने, आणि ब्रेक लागताच ते वजन पुढे येतं. म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा ब्रेक बरोबरीने, पण हलका. क्लच अगदी शेवटी, गाडी थांबत आली की. डावा हात आधी आवळला जातोय असं दिसलं तर ती फेरी मोजायची नाही.

मग चुकवण्याचा सराव. ताशी तीसच्या पुढे मोटारसायकल हँडल ढकलून वळते: डावीकडे जायचं तर डाव्या मुठीला पुढे ढकला, गाडी डावीकडे कलते आणि वळते. कानाला उलटं वाटतं, म्हणून मैदानातच करून बघा, आधी अगदी हलक्या दाबाने. दोन बाटल्या ठेवून त्यांना वळसा घाला आणि नजर बाटलीवर न ठेवता जिथून जायचं त्या मोकळ्या जागेवर ठेवा. घाबरलेला माणूस ज्या खड्ड्याकडे बघतो, त्यातच जातो. रिकाम्या रस्त्यावर एकाच विजेच्या खांबाला गाड्या धडकतात, त्या बहुतेक यामुळे.

एक पावसाळा या गाडीवर काढा. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, पहिल्या सरीनंतर वर आलेलं तेल, हे सगळं १६० वर शिका. चेनला दर पाचशे किलोमीटरला, पावसात त्याआधीच, वंगण द्या. पुढच्या उन्हाळ्यात ५० वरून जोरात ब्रेक लावताना डावा हात आपणहून शांत राहत असेल, तर ३९० घ्यायला जा. तोवर ट्रायम्फची स्पीड ४०० पण चालवून बघा. ताकद ४० पीएस, पण खालच्या आरपीएमला ती जास्त समजूतदार आहे. ड्यूकचं इंजिन गर्दीत तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवलं की झटके देतं, आणि एप्रिलमधल्या सिग्नलला उजव्या पायाला रेडिएटरची गरम हवा लागते. तुमचा रोजचा रस्ता बघता हे टेस्ट राइडमध्ये मुद्दाम तपासा, आणि तीही संध्याकाळी सहा वाजता घ्या, दुपारी तीनला नको.

एवढं वाचूनही ३९० आत्ताच घेणार असाल, तर नवीन घ्या, जुनी ३७३ सीसीची नको. २०२३ पासूनच्या गाडीला वळणातही काम करणारं एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (रेस जास्त झाली तरी मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) आहे. पहिले हजार किलोमीटर रेन मोडमध्येच चालवा. इंजिनाच्या रनिंग-इनसाठी, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत, तसंही सांभाळून चालवायचंच आहे. नवे टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात, तेवढं अंतर गाडी झुकवू नका. आणि मैदानातला सराव वरच्यापेक्षा दुप्पट.

बाबांना एक विनंती तुमच्या वतीने: त्यांनी एकदा मैदानात येऊन तुमचा ब्रेकचा सराव बघावा. "काहीच नको" यामागे तुम्ही पडाल ही धास्ती आहे. ती बोलून जात नाही, समोर गाडी थांबताना बघितली की थोडी कमी होते. महिन्याची गावची फेरीही पहिले तीन महिने एसटीनेच करा.

आता गोवा. गाडी जुलैपर्यंत हातात आली आणि दिवाळीला एकदा गडहिंग्लजची फेरी झाली, तर डिसेंबरात जायला हरकत नाही, १६० वरच. पहाटे उजाडल्यावर निघा, अंधारात नको: गळीत हंगामात कराडपासून पुढे उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याविना चालतात आणि वाडं रस्त्यावर सांडलेलं असतं, त्यावरून चाक घसरतं. साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाच्या कामात जिथे जिथे रस्ता वळवलाय, तिथे खडी असते. तिथे ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत उरकायचा. पहिला मुक्काम गडहिंग्लजलाच करा, तीनशे किलोमीटरनंतर त्याच दिवशी घाट नको. दुसऱ्या दिवशी आजरा ओलांडून आंबोलीच्या उताराला लागलात की दुसरा-तिसरा गिअर ठेवा आणि क्लच दाबून गाडी घरंगळू देऊ नका. वळणात शिरण्याआधी वेग कमी, नजर वळणाच्या शेवटाकडे. झाडीतल्या वळणांवर डिसेंबरातही सकाळी दहापर्यंत डांबर दवाने ओलं असतं, तेव्हा घाटात अकरानंतरच उतरा. टायरमधली हवा निघताना, टायर थंड असतानाच तपासा. आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा पुस्तिकेत आहे, मागे सामान बांधणार असाल तर दोघं बसल्यावरचा आकडा धरा.